शंभरपैकी शंभर

धीरज कोण होता हे कळायला त्याला टेबलाशी बसलेलं बघायला हवं होतं. उपकेंद्राच्या कंट्रोल रूममधलं लोखंडी टेबल, त्यावर दहा-बारा मोबाइल ओळीने मांडलेले. कुणाची काच तडकलेली, कुणाचं कव्हर रबरबँडने बांधलेलं, प्रत्येकावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनने नाव. सगळ्या मोबाइलमधून एकच बाई बोलतेय, पण मागेपुढे. एकीचा नमस्कार संपत नाही तोवर दुसरीचा सुरू, आणि तिसरी तोपर्यंत हेल्मेटच्या पट्ट्यापर्यंत पोचलेली. या सगळ्या बायांच्या मधे बसून धीरज डबा खायचा. एका हाताने भाकर मोडायची, दुसऱ्या हाताने जिथे 'पुढे' असं बटण येईल तिथे टिचकी मारायची.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दारातच थांबलो. म्हटलं, "काय रे, मोबाइलनं दुकान टाकं का?"

"ट्रेनिंग चालू शे काका," तो घास चावत म्हणाला. "बठ्ठा लाइनमन ट्रेनिंग करी ऱ्हायनात."

आणि लाइनमन कुठे? उन्हात, खांबांवर.

मी प्रेमचंद. धीरजच्या त्याच खुर्चीवर, ऑपरेटर म्हणून, माझी सगळी नोकरी झाली. उपकेंद्र म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लांबून एक जाड लाइन येते, तिथून गावोगावी आणि शेतोशेती वेगवेगळ्या लाइनी निघतात. त्या प्रत्येकीला आम्ही फीडर म्हणतो. लाइनमनला खांबावर चढायचं असलं की तो ऑपरेटरकडे परमिट मागतो, ऑपरेटर तेवढा फीडर बंद करतो आणि तो खाली उतरल्याचं कळेपर्यंत चालू करत नाही. माणूस वर आणि त्याचा जीव खाली खुर्चीवर बसलेल्याच्या हातात, असं ते काम. आमचं उपकेंद्र म्हसावदच्या बाजूला, एवढंच सांगतो. नाव सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही.

धीरज कळसाडीचा, आमच्याच गुजर समाजातला. आयटीआय केलं, वीज कंपनीत लागायची स्वप्नं बघितली आणि लागला ठेकेदाराकडे. कंपनीचा माणूस आणि ठेकेदाराचा माणूस हा फरक आमच्याकडे चहाच्या कपापर्यंत पाळला जातो. मी निवृत्त झालो आणि माझ्या खुर्चीवर तो बसला. काम मन लावून शिकला. मी रिकामा म्हातारा, रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो, तर त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही.

नाही म्हणता न येणं हा त्याचा रोग. कुणाचं रेशनकार्ड लिंक कर, कुणाचा पीकविमा भर, कुणाच्या साखरपुड्याचं कार्ड बनव. त्याची आई रंजनाबाई मला एकदा वैतागून म्हणाली, "गावभरना मोबाइल याना खिसामा, आनि याना रिचार्ज मी करस." धीरज नुसता हसला. चांगल्या माणसांचा मला राग येतो तो यासाठीच. लोक त्यांना वापरून घेतात आणि ते स्वतःच पिशवी उघडून धरतात.

माझ्या वेळी ट्रेनिंग म्हणजे लाइन चालणं. नवा माणूस आला की त्याला आधी चढू द्यायचं नाही. दिलवरसिंग नावाचा आमचा जुना लाइनमन होता, त्याच्या मागे नव्या माणसाने पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत चालायचं, सगळे फीडर संपेपर्यंत. ऊस असो, चिखल असो, कुत्री असोत. दिलवरसिंग प्रत्येक खांबाला हात टेकून उभा राहायचा आणि त्या खांबाचा स्वभाव सांगायचा. याच्यावर आग्यामोहोळ बसतं. याची ताण धरणारी तार सैल शे. या विहिरीवाल्याकडे जनरेटर शे, तो बंद तारेतही कधी उलटी लाइन सोडेल सांगता यायचं नाही. काही खांबांपाशी मात्र तो बोट नाचवायचा. त्यांच्यावरून दोन फीडर जायचे, एक आमच्या उपकेंद्राचा आणि दुसरा भलत्याच उपकेंद्राचा. त्यांना तो 'दोन मायना खांब' म्हणायचा. "एक माय झोपनी तरी दुसरी जागी ऱ्हास," म्हणायचा, आणि नव्या पोराकडून ते तीनदा वदवून घ्यायचा.

परमिटही फोनवर बोलून. लाइनमन म्हणायचा, परमिट द्या. मी विचारायचो, कोणता खांब? तो म्हणायचा, बोरीच्या बांधावरचा. मग मी डोळ्यांपुढे तो खांब आणायचो आणि दोन मायचा असला तर ओरडायचो, थांब, तिकडचं परमिटही घे. आम्ही फार हुशार होतो असं नाही. आमच्या हातूनही चुका झाल्या, माणसं भाजली. पण निदान एकमेकांना आवाज यायचा.

दिलवरसिंग निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. त्याच सुमाराला ॲप आलं. परमिट ॲपवर, ट्रेनिंग ॲपवर, रजा ॲपवर, आणि साहेबांच्या शिव्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. लाइनमनने फीडरचं नाव निवडायचं, विनंती पाठवायची. ऑपरेटरने फीडर बंद करून 'मंजूर' दाबायचं. खांब कोणता हे ॲप विचारतच नव्हतं. मी धीरजला म्हटलं, तू विचारत जा. तो म्हणाला, "सुरुवातले मी फोन करू काका. साहेबनी ग्रुपवर टाकं, ॲप असताना फोन कशाला, वेळ जातो." मग त्याने सोडून दिलं.

ट्रेनिंगचे व्हिडिओ मी त्याच्याबरोबर बसून बघितलेत. पांढरे हातमोजे घातलेला गोरागोमटा माणूस, नवाकोरा खांब, मागे कापलेली हिरवळ. आमच्याकडे खांब शोधायलाच आधी केळीची पानं बाजूला करावी लागतात. शेवटी दहा प्रश्न, आणि पास झालं की फोटोसकट प्रमाणपत्र. ज्याचं होणार नाही त्याचा पगार अडणार. लाइनमन दिवसभर खांबावर, संध्याकाळी मेलेले. ते मोबाइल आणून धीरजपुढे ठेवायचे. "भो, तेवढं करी दे." तो करून द्यायचा.

त्याने प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. एका रविवारी सगळ्यांना बोलावून त्याने घरचा टीव्ही कंट्रोल रूममध्ये आणला, स्वतःच्या खर्चाने भजी मागवली आणि व्हिडिओ लावला. भजी संपली, पहिला व्हिडिओ संपायच्या आत निम्मे भिंतीला टेकून घोरत होते. त्यांना मी दोष देत नाही. आठवडाभर ज्याने झाडाच्या फांद्या तोडल्यात त्याला बसायला जागा आणि वर पंखा दिला तर तो दुसरं काय करणार?

त्यांच्यात नारसिंग होता. नवापूरकडच्या डोंगरातला, गुजरातच्या हद्दीला चिकटलेल्या गावाचा. आधी ठेकेदाराच्या टोळीत खांबासाठी खड्डे खोदायचा. चढायला पटाईत निघाला, म्हणून ठेकेदाराने उचलून आमच्याकडे लाइनमनच्या कामाला दिला. लाइन चालायला त्याच्यासोबत कुणी गेलं नाही, कारण जायला कुणी उरलंच नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. कमी बोलायचा, हसताना तोंडावर हात धरायचा. बायको सुसाना कापूस वेचायला, केळीच्या बागांत कामाला जायची. उपकेंद्रामागच्या खोलीत दोघं भाड्याने राहायची. ती धीरजसाठी अधूनमधून भाजी पाठवायची आणि धीरज डबा उघडून मला म्हणायचा, "काका, आज पार्टी शे."

नारसिंगच्या प्रमाणपत्राची वेळ आली तेव्हा मी तिथेच होतो. फोटो लागणार होता आणि त्याच्या अंगातला शर्ट खांदा ते कोपर फाटलेला. धीरजने सरळ स्वतःचा शर्ट काढून त्याला घातला, निळा, नव्यासारखा. पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं. नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आत आली. साहेब बघतात तर ऑपरेटर बनियनवर आणि लाइनमन नवरदेव! साहेबांनाही हसू आवरलं नाही. आणि त्या एका फोटोत नारसिंग तोंडावर हात न धरता हसलाय.

बाकीच्यांना धीरज मुद्दाम ऐंशी-नव्वद गुण पाडायचा, एखाद-दोन उत्तरं चुकवून. सगळे शंभर आले तर संशय येईल ना. नारसिंगला मात्र त्याने लाडाने पूर्ण दिले. "शाळामा त्याले कोनी दिधा नहीत," म्हणाला, "निदान आठे तरी लेऊ दे." प्रमाणपत्राची रंगीत प्रत काढून दिली. नारसिंगने ती दोन्ही हातांत धरून घरी नेली. सुसानाने शहाद्याहून फ्रेम करून आणली आणि शर्ट धुऊन, घडी घालून परत पाठवला.

उन्हाळ्याच्या शेवटी वारं सुटलं आणि बऱ्याच ठिकाणी तारा तुटल्या. दुपारी नारसिंगची विनंती ॲपवर आली, शेतीपंपाच्या फीडरची. धीरजने फीडर बंद केला, दोनदा तपासला, 'मंजूर' दाबलं. त्याच्याकडून काहीही चुकलं नव्हतं. खांब उसाच्या मधला होता, दोन मायचा. वरची तार आमची, झोपलेली. खालची दुसऱ्या उपकेंद्राहून येणारी गावठाणची, जागी. वाऱ्याने तिच्यावर पालापाचोळा, फांद्या अडकलेल्या. नारसिंगला वाटलं, परमिट मिळालंय, म्हणजे खांब बंद आहे.

नारसिंग गेल्याचं धीरजला ग्रुपवर कळलं. कुणीतरी फोटो टाकला होता. त्याखाली लगेच एका छोट्या साहेबाचा अंगठा आला, त्याला सगळ्याच मेसेजना अंगठा द्यायची सवय. नंतर त्याने तो काढला, आणि ग्रुपवर सूचना आली की असे फोटो टाकू नयेत.

मी पोचलो तेव्हा धीरज खुर्चीवर तसाच होता. "काका," म्हणाला, "तो दोन मायना खांब व्हता ना?"

मी हो म्हटलं.

"तो प्रश्न शे परीक्षामा. सातवा. एकाच खांबावर दोन फीडर असतील तर परमिट किती घ्याल? मी 'दोन' दाबं काका. त्याना नावपर मी 'दोन' दाबं."

मला त्याच्या पाठीवरून हात फिरवता आला नाही. मी तिथून उठून बाहेर गेलो आणि ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणाला धरून रडलो. साठी उलटल्यावर माणसाला लाज वाटते, तरी रडलो.

चौकशी स्क्रीनवरच झाली. वरचे साहेब एका चौकोनात, आमचे साहेब दुसऱ्या चौकोनात, ठेकेदाराचा माणूस गाडीतून बोलत होता. धीरजचा जबाब घेतला: फीडर बंद होता, परमिट बरोबर होतं. मग स्क्रीनवर नारसिंगचं प्रमाणपत्र आलं, निळ्या शर्टातलं हसू. शंभरपैकी शंभर. सातवा प्रश्न वाचून दाखवला गेला, उत्तर वाचून दाखवलं गेलं. वरचे साहेब म्हणाले, म्हणजे कर्मचारी पूर्ण प्रशिक्षित होता आणि माहीत असूनही त्याने एकच परमिट घेतलं. स्वतःचा निष्काळजीपणा. ऐंशी गुणांत तो प्रश्न चुकला असता तर निदान वाद घालता आला असता. लाडाने दिलेल्या शंभरांनी तेवढीही फट ठेवली नाही. सुसानाला भरपाई मिळण्याचा रस्ता तिथेच बंद झाला.

धीरजची झोप उडाली. मला म्हणाला, "काका, मी सांगी देस. परीक्षा मी दिधी, त्यानी नही." मी म्हटलं, सांग. नोकरी जाईल हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी म्हटलं, सांग, आणि त्याच्याबरोबर आमच्या साहेबांकडे गेलो.

साहेब वाईट नव्हते, हे लिहायला मला जड जातं. त्यांनी दार लावलं, दोघांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धीरज, समजा मी हे वर कळवलं. मग नारसिंग अप्रशिक्षित ठरतो. अप्रशिक्षित माणसाला खांबावर चढायची परवानगीच नाही. म्हणजे तो विनापरवाना चढला. चूक त्याचीच राहते. फक्त तुझ्यावर केस होते आणि ज्यांच्या परीक्षा तू दिल्यास त्या इतरांची घरं बसतात."

"म्हणजे साहेब, शिकलेला असला तरी त्याचीच, नसला तरी त्याचीच?"

"नियम तसा आहे."

"आणि आमची कुणाचीच नाही?"

साहेबांनी ग्लास पुढे सरकवला. म्हणाले, "पाणी घे अजून."

मला टेबलावरचा पेपरवेट उचलून कुठेतरी मारावासा वाटला. पण मारणार कुणाला? ॲपला?

पुढच्याच आठवड्यात ग्रुपवर आदेश आला. दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर सर्व कर्मचाऱ्यांनी सुरक्षा प्रशिक्षण तातडीने पुन्हा पूर्ण करावं. तेच व्हिडिओ, तेच प्रश्न. लाइनमन मोबाइल घेऊन धीरजपुढे उभे राहिले. त्याने आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं. म्हणाला, बसा, मी समजावून सांगतो, पण दाबायचं तुम्ही. वर मला म्हणाला, काका, तुम्ही यांना लाइन चालवा. मी कसा चालवणार, माझे गुडघे उपकेंद्राची पायरी चढताना रडतात. दिलवरसिंग तर अंथरुणाला खिळलेला. लाइनमन चिडले. नारसिंगमुळे आम्हाला ताप, असंही एकजण बोलून गेला. मग ते सगळे म्हसावदच्या एका मोबाइल दुकानात गेले. दुकानदाराने सगळे फोन ओळीने मांडले आणि मोबदला घेऊन ट्रेनिंग करून दिलं. सगळे पास.

त्यानंतर सुसाना गावी परत निघाली. टेम्पो यायचा होता. तिने धीरजला निरोप पाठवला, एक काम आहे, आणि धीरज मला म्हणाला, काका, तुम्ही चला, एकटा नाही जाणार. खोलीत सामान ते काय, भांडी, गोधड्या, एक पेटी. भिंतीवर तेवढी फ्रेम राहिली होती. फ्रेमला सुसानाने हार घातला होता. नारसिंगचा दुसरा धड फोटोच नव्हता.

सुसाना शाळेतलं मराठी बोलायची, सावकाश, शब्द निवडून. म्हणाली, "धीरजभाऊ, हे ज्यावरून शिकले तो व्हिडिओ मला दाखवा."

धीरजने माझ्याकडे बघितलं. मग मोबाइल काढला. ती खाली बसली आणि पदर सावरून ते सगळं बघू लागली, हेल्मेट, हातमोजे, हिरवळ. आयुष्यात तो व्हिडिओ इतकं लक्ष देऊन कुणी बघितला नसेल. दोन फीडरचा भाग आला तसं तिने हात वर केला. "थांबवा. हे ह्यांना माहीत होतं?"

धीरजने व्हिडिओ थांबवला.

"साहेब म्हणाले, माहीत होतं. मार्क पण आहेत. मग का चढले, भाऊ? मी रोज हेच विचारते. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं होतं. पोळ्या करपल्या म्हणून. न जेवता गेले. माहीत असून चढले, म्हणजे त्या रागातच चढले ना?"

महिनाभर ही बाई हे घेऊन कापसाच्या, केळीच्या रानात राबत होती.

"नाही वहिनी," धीरज म्हणाला. "त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हा व्हिडिओ बघितलाच नव्हता. परीक्षा मी दिली."

"सगळी?"

"सगळी."

"मार्क?"

"माझे."

ती फ्रेमकडे वळली. "शर्टही तुमचाच," म्हणाली. "तो मीच धुऊन दिला होता." आणि मग रागावून नाही, खरंच विचारावं तसं म्हणाली, "मग यात त्यांचं काय?"

बाहेर टेम्पो आला. ती उठली, फ्रेम उतरवली, हार काढून बाजूला ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली. तिच्या चेहऱ्यावर एकदम आशा दिसली, आणि ती मला बघवली नाही.

"भाऊ, मग हे साहेबांना सांगा ना. ह्यांना माहीत नव्हतं, म्हणून सांगा."

"सांगितलं वहिनी."

"मग काय म्हणाले?"

धीरज तिची पेटी उचलायला वाकला. कुणीतरी बोलायलाच हवं होतं, म्हणून मी बोललो. म्हटलं, "चूक नारसिंगचीच, म्हणाले."

ती "बरं" म्हणाली, आणि फ्रेम गोधडीत गुंडाळू लागली.